चार बोटं सूट

एटापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन वस्तू अशा होत्या की तिथे त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. एक लग्नातला कोट आणि दुसरी टेबल टेनिसची बॅट. कोटाला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली. बॅट मात्र मी दर रविवारी फडक्याने पुसून परत ठेवायचो. का, ते विचारू नका. माणूस एकटा पडला की त्याला पुसायला काहीतरी लागतं.

नागपूर राजधानी होतं तेव्हाची ही गोष्ट. नागपूरला कॉलेजच्या होस्टेलात मी बऱ्यापैकी खेळायचो. बऱ्यापैकी म्हणजे काय, तर जोरात मारायचो. दहा फटक्यांत तीन टेबलावर पडायचे आणि बघणारे त्या तिनांनाच टाळ्या द्यायचे. उरलेल्या सातांची आठवण मीही ठेवत नसे.

एटापल्लीला टाळ्या द्यायलाच काय, पण बोलायलाही माणूस मिळणं मुश्कील होतं. ऑफिसच्या दोन खोल्या, मागे माझी एक, समोर सागाच्या लठ्ठ्यांच्या थप्प्या आणि त्यापलीकडे जंगल. मजूर यायचे ते आसपासच्या गोंडांच्या पाड्यांतले. ‘जोहार’ म्हणायचे, काम करायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी जायचे. त्यांना घर होतं. मला चार महिन्यांपूर्वी झालेलं लग्न होतं, आणि बायको नागपूरला माहेरी होती. सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, “हिवतापाच्या मुलखात पोरगी पाठवणार नाही. चांद्याला बदली करून घ्या, दुसऱ्या दिवशी स्वतः आणून सोडतो.” तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. सासऱ्यांचा मला राग यायचा. ते बरोबर आहेत हे कळत असल्यामुळे जास्तच यायचा.

बायकोची पत्रं पंधरवड्याने यायची. कधी दोन एकदम आली तर एक वाचायची आणि दुसरं उशाखाली ठेवून आठ दिवस कळ काढायची, असा माझा नियम होता. चार-पाच दिवसांतच तो मोडायचा.

एका दुपारी काम नव्हतं म्हणून बॅट काढली आणि ऑफिसच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसलो. भिंत सारवलेली, खडबडीत. चेंडू भलतीकडेच उडायचा. तो उचलायला वाकलो तर समोर डेपोचे मोजणीदार उभे. लठ्ठ्यांची लांबी आणि घेर मोजून त्यावर शिक्का मारणं हे त्यांचं काम. मूळचे सावली गावाकडचे, पन्नाशी ओलांडलेले, कानावर कायम पेन्सिल. सगळा डेपो त्यांना भाऊ म्हणायचा. त्यांचंही बिऱ्हाड एकट्याचंच होतं. मुलगी तिकडे सावलीकडेच दिलेली. बायको नव्हती एवढं मला माहीत होतं, अधिक मी कधी विचारलं नव्हतं.

“काय करून राह्यले, बाबू?”

मी सांगितलं. खेळ काय, टेबल कसं, मध्ये जाळी कशी. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न केला.

“माप सांगा.”

“लांबी नऊ फूट, रुंदी पाच. उंची तीस इंच. मधोमध दोन भाग.”

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ते तळहातावर लिहिलं आणि गेले. पंधरा दिवसांनी डेपोच्या जुन्या शेडमध्ये चार लाकडी घोड्यांवर दोन भागांचं सागाचं टेबल उभं होतं. नापास झालेल्या फळ्या निवडून, रंधून, जोडून त्यांनी स्वतः केलेलं. जाळी जुन्या मच्छरदाणीची. असं जड, थंड, सरळ टेबल मी पुढेही कुठे पाहिलं नाही. ते मी मोजून पाहिलं नाही. मोजणीदाराचं टेबल मोजायला जाणं म्हणजे सोनाराला सोनं ओळखायला शिकवणं.

खेळ भाऊंना मी शिकवला. तीन महिन्यांत ते मला हरवू लागले. हे लिहितानाही मला थोडं लागतं.

त्यांची बॅट म्हणजे सागाची साधी फळी, रबर नाही, काही नाही. त्या फळीने ते फटका म्हणून कधी मारायचेच नाहीत. मी जीव खाऊन मारायचो आणि चेंडू ‘टक’ असा आवाज करून शांतपणे माझ्याकडे परत यायचा. पुन्हा मारा, पुन्हा टक. पाचव्या-सहाव्या वेळेला माझाच चेंडू जाळीत. खेळ एकवीसचा. एकवीसपैकी पंधरा गुण मीच त्यांना वाढायचो.

एकदा चिडून मी बॅट टेबलावर आपटली. त्यांनी आधी टेबलाला खोक पडली का ते बघितलं, मग म्हणाले, “बाबू, तुमी मारता बम जोरात. पण मारता कोणाले? मले, का सोताले?”

त्या दिवसापासून मी शिष्य झालो. भाऊंनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण आयुष्यभर लाकडाकडे बघितलं होतं. लठ्ठा कुठून फाटेल हे ते दुरून सांगायचे. म्हणायचे, माणूस पोटावर फाटतो. चेंडू उजवीकडे टाकला तर तो उजव्या हाताने मारणार, डावीकडे टाकला तर उलट्या हाताने. पण थेट पोटावर टाकला की इकडून घेऊ का तिकडून, याचाच विचार करत राहतो आणि तेवढ्यात गुण जातो. दोनदा पोटावर टाकायचा, तो सावध होऊन बाजूला सरकला की तिसरा मोकळ्या कोपऱ्यात. आपण जिंकत असू तर शहाणपणा करून खेळ बदलायचा नाही, आणि हरत असू तर तेच ते करत बसायचं नाही. “हारून राह्यला त काहीबी कर, पण तेच नको करू,” हे त्यांचं बोलणं मी नंतर खेळाबाहेरही बरंच वापरलं.

या सगळ्यावर त्यांचा एक मोठा नियम होता, लांब टाका. आखूड चेंडू म्हणजे समोरच्याला जेवायला वाढलेलं ताट. चेंडू पार शेवटच्या काठाशी पडला की समोरच्याला मागे सरकावंच लागतं आणि मागून फटका बसत नाही. ते टेबलाच्या टोकाशी खडूने रेघ मारायचे आणि मला रेघेपलीकडेच टाकायला लावायचे. सहा महिन्यांत माझा हात असा बसला की डोळे मिटून काठावर चेंडू ठेवावा. चेंडू पोचला की भाऊ मान डोलवायचे. त्या मान डोलावण्यासाठी मी दिवसभर चार वाजायची वाट बघायचो.

मोहफुलं वेचून परतणाऱ्या बायका शेडच्या दाराशी थांबून बघायच्या. त्यातली एक म्हातारी एकदा म्हणाली, “हे दोघं एकमेकाले देऊनच राह्यले. ठेवून कोणीच नाई घेत.” आम्ही दोघंही खूप हसलो. आठवड्यातलं तेवढंच हसणं असायचं.

दर हिवाळ्यात चांद्याला जंगल खात्याच्या कर्मचाऱ्यांचे सामने भरायचे. तिथल्या मोठ्या साहेबांना टेबल टेनिसचं वेड होतं आणि खेळणारा माणूस नजरेत भरला की ते त्याची खुर्ची चांद्यालाच मागवून घेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी एक नकाशे काढणारा असाच सिरोंच्याहून चांद्याला आला होता. मी बायकोला लिहिलं, “या हिवाळ्यात आपलं घर होईल.” भाऊंनाही सांगितलं. ते म्हणाले, “होईन, बाबू,” आणि सर्व्हिस केली.

चांद्याला ते माझ्यासोबत येणार होते. निघायच्या दिवशी म्हणाले, अंगात कणकण आहे. मी एकटाच लाकडाच्या ट्रकने गेलो.

पहिल्याच सामन्यात समोर ब्रह्मपुरीकडचा एक जाडगेला कारकून. धाप लागणारा, मागे सरकताच न येणारा. मनात म्हटलं, हा तर लांब चेंडूंनीच मरेल. आणि टाकला लांब. पंच म्हणाले, “बाहेर.” पुन्हा टाकला. “बाहेर.” हात नेहमीसारखाच चालत होता, चेंडू नेहमीच्याच जागी जात होता, पण त्या जागी टेबल नव्हतं. काठापासून चार बोटं पलीकडे, हवेत. घाबरून आखूड टाकू लागलो तर तो जाड्या ताट वाढल्यासारखा मारू लागला. दोन्ही डाव हरलो. साहेब दुसऱ्या टेबलाकडे वळले ते माझ्याकडे पुन्हा बघायला आलेच नाहीत.

परत येईपर्यंत ट्रकमध्ये मी एकच विचार करत होतो. एटापल्लीला उतरलो तो थेट शेडमध्ये गेलो. भाऊंचाच मोजायचा फीता खुंटीवर होता. अर्ध्या टेबलाची लांबी साडेचार फूट हवी. भरली चार फूट नऊ इंच. दुसरा भागही तेवढाच. भाऊ दारात येऊन उभे राहिले होते. ताप दिसत नव्हता.

“भाऊ, मोजण्यात चूक झाली.”

“चूक नाई, बाबू. सूट हाय.”

सूट हा डेपोतला शब्द. कापलेला लठ्ठा उन्हात वाळला की टोकांना तडकतो, म्हणून नऊ फुटांचा माल कधी नऊ फुटांवर कापत नाहीत. दोन्ही टोकांना चार-चार बोटं सोडतात. कागदावर नऊच लिहितात आणि ती सूट धरायची नाही, असा रिवाज. भाऊंनी तीस वर्षं असंच कापलं होतं, टेबलही तसंच कापलं. मधली टोकं जाळीखाली जुळवायला तासावी लागली. बाहेरची तशीच राहिली. अशी चूक फक्त लाकडाच्या माणसाच्या हातून होते आणि तिच्यावर मी रागावूही शकत नव्हतो. पण मला दुसरंच काही विचारायचं होतं.

“तुम्हाला कळलं कधी?”

ते आत येऊन टेबलाच्या काठावरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, “पाण्याच्या दिसात. टेबलावर टाकाले मेणकापड कापून राह्यलो होतो. तवा मोजलं.”

“म्हणजे सामन्यांच्या चार महिने आधी. मग सांगितलं काऊन नाही?” ‘का’ऐवजी त्यांचाच शब्द माझ्या तोंडात आला.

“तुमी गेले असते, बाबू. मंग मी कोणासंग खेळू?”

हे वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. तेव्हा नुसता संताप आला. मी म्हणालो, “तुमचं काय जातं, भाऊ. तुमची वाट बघणारं घरी कोणी नाही. माझं माणूस बसलंय तिकडे.” मी फीता टेबलावर टाकून निघून आलो.

महिनाभर शेडकडे फिरकलो नाही. ऑफिसात कागदापुरतं बोलायचं, “सही करा,” “घ्या,” एवढंच. चार वाजले की पुन्हा भिंत. आधीचा एकटेपणा बरा होता, त्यात कोणी हरवलेलं नव्हतं. आता चार वाजता शेडकडून येणारा आवाज येत नाही हे रोज ऐकू यायचं.

शेवटी माझं डोकं फिरलं. बदली गेली खड्ड्यात, म्हटलं, बायकोलाच इथे आणतो. पत्र लिहून ठेवलं की सासऱ्यांना न जुमानता निघून ये. ते टपालाच्या थैलीत टाकण्याआधी ऑफिसात मुद्दाम भाऊंना ऐकू जाईल असं शिपायाला सांगितलं, “पत्र टाकतोय, पुढच्या महिन्यात आमचं बिऱ्हाड येतंय.” भाऊंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीचा आवाज आला. डेपोत करवतीचा आवाज म्हणजे नवल नाही, पण हा शेडमधून येत होता. गेलो तर भाऊ टेबलाचा एक भाग घोड्यांवर आडवा घेऊन, टोकापासून चार बोटांवर पेन्सिलीची रेघ मारून बसले होते. दोघांनी ओढायची करवत ते एकटेच ओढायला बघत होते आणि ती वाकडी जात होती.

“एक हात लावा, बाबू.”

मी दुसरी मूठ धरली. बराच वेळ आम्ही नुसती करवत ओढत राहिलो. भुसा पायांवर पडत होता.

“ते पत्र नका टाकू,” ते म्हणाले. “तुमचा सासरा खरं बोलते. माही बायको इथीच तापानं गेली. मीच आणलं होतं तिले, हट्ट करून. तीन महिने राह्यली.”

माझा हात थांबला. महिनाभरापूर्वी मी या माणसाला काय बोललो होतो ते सगळं आठवलं. माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, “ओढा, करवत अडकते.” मग ओढत राहिलो. चार बोटं रुंदीची पट्टी खाली पडली. दुसऱ्या भागाचीही कापली. ते पत्र मी त्याच दिवशी चुलीत घातलं.

पुढचं अख्खं वर्ष भाऊंनी मला त्या बरोबर मापाच्या टेबलावर घडवलं. माझा चेंडू जुन्या सवयीने लांब गेला की मोठ्याने “बाहेर” म्हणायचे आणि त्यात दयामाया नसायची. मी नवा काठ शिकलो. ते जाड्यासारखे खेळून दाखवायचे, उंच माणसासारखे, डावऱ्यासारखे. जाणून-बुजून ते मला स्वतःपासून दूर पाठवायची तयारी करत होते. हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्या हिवाळ्यात मी शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो. तो हरलो, पण पोटावर दोन आणि कोपऱ्यात एक, हा भाऊंचा खेळ बघून साहेब खुर्ची पुढे ओढून बसले होते. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला.

निघताना ट्रकजवळ भाऊंनी माझी ट्रंक वर चढवली. माझ्याकडे एकच चांगला चेंडू उरला होता, तो मी त्यांना दिला. त्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, “येजा, बाबू.” मी म्हणालो, “येतो.” आपल्याकडे जाताना येतो म्हणतात, त्याला कोणी पुरावा मागत नाही.

चांद्याला सासऱ्यांनी शब्द पाळला. बायको आली, घर झालं. क्लबात टेबल होतं, चांगले चेंडू होते, खेळायला दहाजण होते. मी सुखात होतो. चार-सहा महिन्यांनी एटापल्लीकडून लाकूड घेऊन आलेला ट्रकवाला भेटला. मी भाऊंची चौकशी केली.

“बरे हायेत. रोज चार वाजता खेळतात.”

“कोणासंग?”

“कोणासंग नाई. पल्याडचं अर्धं टेबल उभं करून ठेवलं. त्याच्यावर मारतात, परत येते. आन् आपल्या बाजूच्या टोकाले त्याइनं ती कापलेली पट्टी पुना ठोकून टाकली. मी म्हणलं, काऊन भाऊ? त म्हणे, बाबूचा चेंडू लांब येते. आला त बाहेर नाई पडला पायजे.”

माझा चेंडू आता लांब जात नव्हता. वर्षभर घाम गाळून ती खोड त्यांनीच मोडली होती, त्यांच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “जाऊन या हो एकदा.” दिवाळीला जाईन म्हणालो, दिवाळीला नागपूरला गेलो. हिवाळ्यात जाईन म्हणालो, तर हिवाळ्यात सामने होते. त्याच्या पुढच्या वर्षी कळलं की भाऊ नोकरीतून मोकळे झाले आणि सावलीकडे मुलीकडे राहायला गेले. टेबलाचं काय झालं ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

न जाण्याचं कारण विचारलं तर एक, लाज वाटायची, आणि दुसरं, मला बरं चाललं होतं. दुसरं जास्त खरं आहे. सावली तर चांद्याहून एटापल्लीपेक्षा कितीतरी जवळ. सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी परत आलो असतो. तिथेही मी गेलो नाही.